मुलींचे व्हॉलीबॉल आणि दहावी-बारावी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शालेय व्हॉलीबॉल स्पर्धांमध्ये मुलींचे तीन वयोगट असतात : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ग्रामीण भागातील शाळा तालुक्यापासून सुरुवात करून जिल्हास्तरावर येतात. शहरातील शाळा महानगरपालिका क्षेत्राच्या स्वतंत्र स्पर्धेत खेळतात. दोन्हीकडचे विजेते संघ विभागीय स्पर्धेला जातात. महाराष्ट्रात क्रीडा विभाग आठ आहेत आणि त्यांचे विजेते राज्यस्पर्धेत एकमेकांसमोर येतात. तिथपर्यंत शाळेचा अख्खा संघ पुढे सरकत असतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मात्र वेगवेगळ्या विभागांतील खेळाडू निवडून महाराष्ट्राचा एक संघ तयार होतो. राज्यापर्यंतच्या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेते आणि जिल्ह्यातले काम जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून चालते. राष्ट्रीय शालेय स्पर्धा स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या नावाने होतात.

या वाटेवर मुलींची मोठी गळती होते ती नववी-दहावीच्या उंबरठ्यावर. आठवीत जिल्ह्याचे मैदान गाजवलेली मुलगी दहावीत संघात दिसत नाही. घरचा निर्णय चांगल्या हेतूने घेतलेला असतो, पण त्यामागे पुष्कळदा ऐकीव माहिती असते. उंची, गुडघे, पाळी, हजेरी, सवलतीचे गुण, नोकरीतले आरक्षण अशा प्रत्येक बाबतीत काही समज रूढ झाले आहेत. त्यांतले महत्त्वाचे समज आणि वस्तुस्थिती पुढे क्रमाने दिली आहे.

गैरसमज १ : शाळेची स्पर्धा, क्लबची स्पर्धा आणि संघटनेची स्पर्धा एकच

वस्तुस्थिती : या वाटा वेगळ्या आहेत. शालेय स्पर्धेत मुलगी शाळेकडून किंवा कनिष्ठ महाविद्यालयाकडून खेळते. राज्य व्हॉलीबॉल संघटनेच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर अशा अजिंक्यपद स्पर्धांत ती जिल्ह्याच्या संघातून उतरते आणि त्या संघाची निवड चाचणीतून होते. गावोगावच्या क्रीडा मंडळांचे आणि क्लबांचे चषक ही तिसरी गोष्ट आहे. रोख बक्षीस आणि मोठी ढाल मिळणारा खासगी चषक सरावासाठी उत्तम असतो, पण सवलतीच्या गुणांसाठी किंवा नोकरीच्या आरक्षणासाठी त्याचे प्रमाणपत्र चालत नाही.

मराठवाड्यात यात आणखी एका गोंधळाची भर पडते. खेड्यापाड्यांत लोकप्रिय असलेले शूटिंग व्हॉलीबॉल हा स्वतंत्र खेळ आहे. त्याचे नियम वेगळे आणि संघटनाही वेगळी. एका खेळाचे प्रमाणपत्र दुसऱ्या खेळाच्या नावावर दाखवता येत नाही. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वीच स्पर्धा कोण घेत आहे आणि तिला मान्यता आहे का, याची जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करावी.

अमेरिकेत चित्र निराळे आहे. तिथे शाळेचा हंगाम संपल्यावर मुली क्लबकडून खेळतात. हौशी खेळाडूंच्या एएयू या संघटनेची ज्युनिअर स्पर्धा जूनमध्ये ऑर्लँडोला भरते आणि यूएसए व्हॉलीबॉलची मुलींची राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला होते. त्यामुळे तिथल्या मुलींना क्लबच्या स्पर्धांचा मेळ मे-जूनमधल्या शाळेच्या पदवीदान समारंभाशी आणि निरोपाच्या नृत्यसोहळ्याशी घालावा लागतो. इथे खरी ओढाताण बोर्डाच्या परीक्षांमुळे जानेवारी-फेब्रुवारीत होते. परदेशी क्लबांवरचे लेख किंवा चित्रफिती पाहून इथले वेळापत्रक आखले तर ते चुकते.

गैरसमज २ : व्हॉलीबॉल फक्त उंच मुलींचा खेळ आहे

वस्तुस्थिती : जाळ्यावर उंचीचा फायदा होतो, यात शंका नाही. महिलांच्या सामन्यात जाळ्याची उंची २.२४ मीटर असते आणि पुरुषांच्या सामन्यात २.४३ मीटर. पण ९ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद अशा अर्ध्या मैदानात सहा खेळाडू असतात आणि जाळ्यावरची कामे त्यांतल्या काहींनाच करायची असतात. सर्व्हिस घेणे, जमिनीलगतचा चेंडू उचलणे आणि स्मॅश करणाऱ्या मुलीला नेमका पास देणे यांवरच गुण उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय नियमांत १९९८ मध्ये लिबेरो ही जागा आली. लिबेरोचा गणवेश वेगळ्या रंगाचा असतो, ती मागच्या रांगेतच खेळते, तिला ब्लॉक करता येत नाही आणि जाळ्याच्या वरून आक्रमणही करता येत नाही. म्हणजे बचावात तरबेज पण ठेंगण्या मुलीसाठी नियमपुस्तकातच जागा राखलेली आहे. दुसरी जागा सेटरची. मैदानावर तिलाच लिफ्टर म्हणतात. जपानची सेटर योशिए ताकेशिता १५९ सेंटिमीटर उंचीची होती. २००६ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या जपानी संघात ती होती.

याच समजाची दुसरी बाजू म्हणजे व्हॉलीबॉल खेळले की उंची वाढते. उंची मुख्यतः आनुवंशिकता आणि पोषण यांवर ठरते. मुलींच्या वाढीचा वेग साधारण ११-१२ व्या वर्षी सर्वाधिक असतो आणि पहिल्या पाळीनंतर सरासरी ५ ते ७ सेंटिमीटरच भर पडते. खेळाडू उंच दिसतात कारण निवडीतच उंच मुली पुढे येतात. खेळाने हाडे बळकट होतात, स्नायूंना ताकद येते, शरीराची ठेवण सुधारते, आणि हा लाभ कोणत्याही उंचीच्या मुलीला मिळतो.

गैरसमज ३ : दहावीत किंवा बारावीत खेळ बंद करावाच लागतो

वस्तुस्थिती : वयोगट इयत्तेवर ठरत नाही, जन्मतारखेवर ठरतो. दहावीतली मुलगी बहुधा १७ वर्षांखालील गटात आणि बारावीतली १९ वर्षांखालील गटात बसते. म्हणजे दहावी आणि बारावी ही बहुतेक मुलींची आपापल्या गटातली शेवटची आणि सर्वांत भराची वर्षे असतात. नेमक्या त्याच वर्षी खेळ सोडला, तर आधीच्या तीन-चार वर्षांच्या मेहनतीचे फळ हातातून जाते.

वेळापत्रक पाहिले तर बराचसा हंगाम परीक्षेपासून दूर असतो. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. तालुका, मनपा आणि जिल्हास्तरावरच्या स्पर्धा पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत होतात. विभाग आणि राज्यस्तर त्यापुढे दिवाळीच्या आगेमागे येतात. २०२५ मध्ये राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. जिल्हा किंवा विभागापर्यंत खेळणाऱ्या मुलीला त्यानंतर परीक्षेसाठी पूर्ण दोन-तीन महिने मिळतात. जिल्ह्यातल्या बहुसंख्य खेळाडू मुली याच गटात मोडतात.

अडचण खरी असते ती राज्याच्या किंवा देशाच्या संघापर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्या मुलींची. खेलो इंडिया युवा स्पर्धा २०१९ मध्ये पुण्यात आणि २०२० मध्ये गुवाहाटीत जानेवारीत झाल्या. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातली स्पर्धा ११ फेब्रुवारीला संपली आणि २१ फेब्रुवारीला महाराष्ट्रात बारावीचा पहिला पेपर होता. मध्ये दहाच दिवस होते. २०२४ मध्ये तमिळनाडूतली स्पर्धा ३१ जानेवारीपर्यंत चालली. २०२५ मध्ये बिहारमधली स्पर्धा मात्र मे महिन्यात, परीक्षा उरकल्यावर झाली. तारखा दरवर्षी बदलतात. म्हणून राज्य संघाच्या शिबिरात निवड होण्याची शक्यता असलेल्या मुलीने अभ्यासक्रमाची पहिली उजळणी डिसेंबरअखेर संपवलेली बरी.

गैरसमज ४ : सरावामुळे अभ्यासाला वेळच उरत नाही

वस्तुस्थिती : आठवड्यात १६८ तास असतात. रोज ९ तास झोप धरली तर ६३ तास जातात. शाळेचे सुमारे ३६ तास. रोज दीड तास याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस सराव केला, तर साडेसात तास होतात. तरीही ६० तासांहून अधिक वेळ हाताशी राहतो. जेवण, प्रवास, शिकवणी आणि घरकाम वजा जाता त्यात अभ्यास बसतो. आठवड्याचे गणित बिघडते ते प्रवासाने. वाळूज किंवा चिकलठाण्याहून गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात रोज ये-जा करायची झाली, तर सरावाइतकाच वेळ रस्त्यावर जातो. अशा मुलीने आठवड्याचे तीन दिवस शाळेच्याच मैदानावर सराव केला आणि दोनच दिवस संकुल गाठले, तर वेळ वाचतो आणि अंगही थकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल केली पाहिजे. अशा हालचालीचा फायदा शालेय प्रगतीलाही होतो, असे त्याच सूचनांत नमूद आहे. या वयात ८ ते १० तासांची झोप लागते. पहाटे पाचला सराव आणि रात्री बारापर्यंत जागरण असा दिनक्रम लावला, तर खेळ आणि अभ्यास दोन्ही मागे पडतात. तेव्हा कपात करायची ती फोनच्या वेळात. झोपेला हात लावू नये.

गैरसमज ५ : स्पर्धेला गेले की हजेरी बुडते आणि परीक्षेला बसता येत नाही

वस्तुस्थिती : राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा तिन्ही स्पर्धांचे दिवस एकत्र केले, तरी एका खेळाडूची गैरहजेरी या मर्यादेच्या जवळही जात नाही. अडचण येते ती कागद नसल्यामुळे. संघात निवड झाल्याचे पत्र, स्पर्धेच्या तारखा आणि परतल्यावर सहभागाचे प्रमाणपत्र यांची प्रत वेळच्या वेळी शाळेच्या दप्तरी द्यावी.

सीबीएसईच्या विद्यार्थिनींसाठी वेगळी सोय आहे. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे बोर्डाचा पेपर चुकला, तर भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या शिफारशीवर नंतर तो पेपर देता येतो. मात्र त्यासाठीचा अर्ज शाळेमार्फत परीक्षेआधीच करावा लागतो. राज्य मंडळाच्या विद्यार्थिनींना जून-जुलैमधली पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधार योजना असे मार्ग आहेत. दहावीत प्रत्येक विषयाचे २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. स्पर्धेच्या काळात वही किंवा प्रयोगाची नोंद राहिली, तर तिचा फटका थेट या गुणांना बसतो. स्पर्धेहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काम उरकावे.

गैरसमज ६ : खेळाडूला २५ गुण आपोआप मिळतात

वस्तुस्थिती : क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेचा स्तर आणि त्यातली कामगिरी यांवर ठरतात. २५ ही वरची मर्यादा आहे आणि ती आंतरराष्ट्रीय यशासाठी आहे. जिल्हास्तरावरच्या खेळाडूला त्याहून बरेच कमी गुण मिळतात.

हे गुण मिळण्यासाठी प्रस्ताव पाठवावा लागतो. शाळा खेळाडूचा अर्ज आणि प्रमाणपत्रांच्या प्रती जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे सादर करते, तिथे छाननी होते आणि शिफारस विभागीय मंडळाकडे जाते. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाखाली या जिल्ह्यासह जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात. प्रस्तावाची मुदत चुकली, प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या नोंदीशी जुळले नाही किंवा जन्मतारखेत एका अंकाचा फरक पडला, की हक्काचे गुण जातात. आईचे नाव, आडनावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख प्रमाणपत्र हातात पडल्याक्षणीच तपासावी. आयोजक गावातून गेल्यावर दुरुस्तीसाठी महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात.

गैरसमज ७ : प्रमाणपत्र असले की सरकारी नोकरी पक्की

वस्तुस्थिती : राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण पदाचा गट जितका वरचा, तितकी कामगिरीची पातळी वरची लागते. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. परीक्षा आणि पात्रतेच्या इतर अटी सुटत नाहीत. आरक्षणाचे दारही शैक्षणिक पात्रतेनेच उघडते, म्हणून खेळाडूने शिक्षण सोडणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय आहे.

उच्च शिक्षणातही खेळाला जागा मिळू लागली आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी पदवीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा ठेवल्या असून त्यांतली एक मुलींसाठी आहे. त्यासाठी जेईई ॲडव्हान्स्ड पार करावी लागते आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावरचे पदक लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी वाट बारावीनंतर पुढे जाते. म्हणून बारावीच्या परीक्षेसाठी दोन महिने मैदानापासून दूर राहिलेल्या मुलीने खेळ संपला असे मानण्याचे कारण नाही.

गैरसमज ८ : पाळीच्या दिवसांत खेळू नये

वस्तुस्थिती : पाळीत खेळणे निरोगी मुलीसाठी धोक्याचे नाही. त्रास फार होत असेल तर विश्रांती घ्यावी. बरे वाटत असेल तर सराव करावा. हलक्या व्यायामाने अनेकींच्या पोटातल्या कळा कमीही होतात. उड्यांमुळे गर्भाशय सरकते किंवा पुढे मूल होण्यात अडचण येते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. खरा अडथळा मैदानावर असतो. कपडे बदलायला आडोसा नसतो, स्वच्छतागृहात पाणी नसते, संघासोबत महिला शिक्षिका नसते. ही सोय करणे शाळेचे आणि आयोजकांचे काम आहे. ती नसल्यामुळे मुली घरी बसतात आणि दोष पाळीला दिला जातो.

उलट बाजूचा समज अधिक घातक आहे : खूप सराव केला की पाळी थांबते आणि ते तंदुरुस्तीचे लक्षण आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला की पाळी थांबते आणि हाडे कमकुवत होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

रक्तक्षयाकडेही लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तिसऱ्या सेटमध्ये धाप लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी याचसाठी असते. ती चहासोबत घेऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे आणि वर पिळलेले लिंबू हा घरचा आहारही मोठी मदत करतो.

गैरसमज ९ : मुलींचे गुडघे नाजूक असतात, म्हणून हा खेळ नको

वस्तुस्थिती : उडी आणि वळण असलेल्या खेळांत गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा काही पटींनी जास्त होते, हे खरे आहे. पण तिचा मोठा भाग टाळता येतो. उजव्या हाताने स्मॅश करणारी मुलगी डावे, उजवे, डावे अशी तीन पावले घेत जाळ्याकडे येते, दोन्ही हात मागून पुढे झोकून उडी मारते आणि हवेत चेंडू मारते. दुखापत होते ती त्यानंतरच्या क्षणी. ती एकाच पायावर उतरली, गुडघा ताठ राहिला किंवा आतल्या बाजूला वळला, तर सगळा भार त्या अस्थिबंधावर येतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायला शिकवले, तर भार मांड्यांचे स्नायू झेलतात. सरावापूर्वी दहा-पंधरा मिनिटे उतरण्याचा, तोल सांभाळण्याचा आणि मांड्यांच्या ताकदीचा व्यायाम नियमित घेतला, तर मुलींमधल्या अशा दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अभ्यासांत आढळले आहे.

सिमेंटच्या फरशीवर रोज शेकडो उड्या मारायला लावणे चुकीचे आहे. मातीचे, पाणी मारून दाबलेले मैदान त्यापेक्षा बरे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी पार करतो. त्या काळात शिबिरे सकाळी लवकर घ्यावीत आणि पिण्याच्या पाण्याची सोय मैदानावरच असावी.

गैरसमज १० : आखूड गणवेश घातल्याशिवाय खेळता येत नाही

वस्तुस्थिती : खेळाला हव्या असतात त्या संघाच्या एकसारख्या जर्सी, त्यांवरचे क्रमांक आणि हालचालीला मोकळीक देणारे कपडे. पूर्ण लांबीची लेगिंग किंवा डोक्यावर घट्ट बसणारा स्कार्फ घालून मुली जागतिक स्तरावर खेळतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची दोआ एलघोबाशी बीच व्हॉलीबॉल हिजाब घालून खेळली. शाळेने संघाचा गणवेश ठरवताना मुलींना आणि पालकांना विचारले, तर पोशाखावरून होणारी गळती थांबते.

गैरसमज ११ : खेळाडू मुलीला शाळेतले बाकीचे क्षण सोडावे लागतात

वस्तुस्थिती : स्नेहसंमेलन, सहल, पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिक आणि निरोप समारंभ हे सगळे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दाटीवाटीने येतात. २०२५ मध्ये बारावीची प्रात्यक्षिके २४ जानेवारीला आणि दहावीची ३ फेब्रुवारीला सुरू झाली. राष्ट्रीय स्पर्धा किंवा शिबिर त्यात आले, तर एखादा कार्यक्रम चुकतो. पण कोणता चुकला तरी चालेल आणि कोणता चुकवू नये, याचा विचार आधीच करता येतो. प्रात्यक्षिक चुकवू नये. ते अगदीच अटळ असेल तर दुसऱ्या दिवसाची विनंती शाळेकडे लेखी आणि वेळेत द्यावी. पूर्वपरीक्षेचा पेपर शाळा नंतर घेऊ शकते. निरोप समारंभाची तारीख संघाच्या परतीनंतर ठेवणे शाळेच्या हातात असते. दहा वर्षे एका वर्गात बसलेल्या मुलीला तो दिवस मिळायला हवा, हेही शिक्षणाचाच भाग आहे.

यासाठी जूनमध्येच क्रीडाशिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक यांनी एकदा एकत्र बसून वर्षाचा तक्ता करावा. जून ते सप्टेंबर पूर्ण सराव, स्पर्धा संपेपर्यंत सराव आणि अभ्यास समसमान, संघ बाहेर पडल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा फक्त अर्धा-पाऊण तास हलका व्यायाम, आणि परीक्षेनंतर पुन्हा हळूहळू उड्या, अशी त्याची साधारण विभागणी असते. सोबत एक फाइल ठेवावी : जन्मदाखला, आधार, शाळेचे ओळखपत्र, निवडीची पत्रे आणि सगळी प्रमाणपत्रे इयत्तेच्या क्रमाने. दहावीचा प्रस्ताव, अकरावीचा प्रवेश, विद्यापीठाची निवड आणि पुढे नोकरीची पडताळणी या प्रत्येक टप्प्यावर याच फाइलची गरज पडते.